एक मूल, एक वावर, एक वर्ष: शेतावरचं चित्रपुस्तक करायचं असेल तर

आपल्या भागातल्या शेतावर लहान मुलांसाठी एखादं चित्रपुस्तक करावं, असं खूप जणांच्या मनात असतं. त्यात शिक्षक असतात, अंगणवाडीताई असतात, नातवंडांना गोष्टी सांगणारे आजी-आजोबा असतात. पण चित्रकाराशी काय बोलायचं, पानं किती ठेवायची, प्रेसमध्ये काय मागायचं, नोंदणी कुठे करायची, हे सांगणारं कुणी भेटत नाही आणि लिहिलेली वही कपाटात पडून राहते. आम्ही काही जणांनी मिळून जळगाव जिल्ह्यात असं एक पुस्तक शेवटापर्यंत नेलं. त्या वाटेवर जे कळलं ते क्रमानं मांडते आहे.

सुरुवातीलाच एक आग्रह. ‘शेताची सहल’ हा विषय घेऊ नका. एका दिवसाच्या सहलीत मूल ट्रॅक्टर बघतं, गाय बघतं, मोटारीच्या पाण्यात पाय बुडवतं आणि घरी येतं. अशी पुस्तकं एकमेकांसारखीच दिसतात, मग ती खान्देशातली असोत की आणखी कुठली. तेच मूल त्याच वावरात वर्षभर पुन्हापुन्हा गेलं, तर दर वेळी काहीतरी बदललेलं असतं. तो बदल हीच गोष्ट. पुढची प्रत्येक पायरी मी हेच धरून लिहिली आहे.

१. आधी वावर ठरवा

गोष्ट सुचायची वाट बघू नका. ज्या शेतात तुम्हाला वर्षभर कधीही जाता येईल असं एक शेत पक्कं करा. मामाचं असो, शेजाऱ्याचं असो, शाळेतल्या एखाद्या पालकाचं असो. मालकाला आणि सालदाराला (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला), दोघांनाही आधी सांगा की फोटो काढणार आहोत, प्रश्न विचारणार आहोत, पुस्तक करणार आहोत. सालदाराला सांगायचं बरेच जण विसरतात, आणि शेतातली निम्मी माहिती त्याच्याकडेच असते.

शेत कुठलं, यावर पुस्तकाचा रंग ठरतो. रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या बागा. शहाद्याकडे केळीबरोबर पपई आणि ऊस. नंदुरबारला लाल मिरचीच्या पथाऱ्या. धुळे, शिंदखेडा, पारोळ्याकडे कपाशी, बाजरी, ज्वारी. नवापूरची तूर आणि जळगावची केळी व भरताची वांगी यांना तर भौगोलिक मानांकन आहे. पण एकाच पुस्तकात हे सगळं कोंबू नका. एका वावरात दोन-तीन पिकं असतात, तेवढी पुरेत. नवख्यांचं पहिलं पुस्तक बहुतेक वेळा ‘आपला जिल्हा’ या धड्यासारखं होतं ते या कोंबण्यामुळेच.

२. फेऱ्या पिकाच्या वेळापत्रकावर बांधा

शाळेच्या सुट्ट्यांवर फेऱ्या बांधल्या तर पेरणी हमखास निसटते. कपाशीचं वावर धरलं तर साधारण असं जमतं:

*आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास.* वावर रिकामं, नांगरलेलं. काळ्या जमिनीला मुलाचा पाय जाईल एवढ्या भेगा, मोठाली ढेकळं. ऊन ४५ अंशांच्या घरात, म्हणून सकाळी नऊच्या आत परत फिरायचं. गावात झाडाला झोके, माहेरवाशिणी, गौराईची गाणी. वावरात बघण्यासारखं काहीच नाही असं वाटतं, पण ही फेरी चुकवू नका. पुस्तकाचं पहिलं पान इथेच मिळतं, कारण पुढचं सगळं या रिकाम्या जमिनीवर उगवणार असतं.

*जूनमध्ये, मृगाच्या आसपास.* सरकीची लावण. ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या असतात. बायका ठरलेल्या अंतरावर बी टोचत जातात. चार-सहा दिवसांनी पुन्हा जा, दोन दलांचं रोप बाहेर आलेलं दिसेल.

*पोळ्याला.* कपाशी मुलाच्या छातीला लागते. पाते म्हणजे कळ्या, फुलं, कोवळी बोंडं सगळं एकाच झाडावर. कपाशीचं फूल उमलतं त्या दिवशी पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. मुलाला एका फुलाला दोरा बांधायला सांगा आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी तेच फूल दाखवा. आमच्या पुस्तकातलं मुलांचं सगळ्यात आवडतं पान हेच ठरलं.

*दिवाळीच्या आगेमागे.* बोंडं फुटतात, वेचणी सुरू होते. बायका कमरेला ओटी बांधून दोन्ही हातांनी वेचतात. जवळ बसून हात बघा. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना लागतात, म्हणून काही जणी बोटांना चिंध्या गुंडाळतात. अशा गोष्टी फोटोच्या घाईत दिसत नाहीत.

*थंडीत, डिसेंबर-जानेवारीत.* भरताचे दिवस. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी मोठी वांगी भाजायची, साल काढून लाकडी बडजीत ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालायची, सोबत कळण्याची भाकरी नाही तर पुऱ्या. यावल तालुक्यातल्या बामणोदकडे तर या दिवसांत पाहुण्यांची रीघ असते. मुलं हे पान पुन्हापुन्हा उघडतात, त्याला एक पूर्ण जोडपान (समोरासमोरची दोन पानं) द्या.

केळीची बाग घेत असाल तर हिशेब वेगळा. लागवडीपासून घड कापेपर्यंत साधारण वर्ष जातं. त्यात रोप लावणं, बाग डोक्यावर जाणं, निसवणं म्हणजे केळफूल बाहेर पडणं, घड भरणं आणि कापणी या टप्प्यांवर जा. मृगबाग आणि कांदेबाग या लागवडीच्या दोन हंगामांचे महिने वेगवेगळे, त्यामुळे शेतकऱ्याला विचारूनच तारखा लावा.

३. सोबत काय न्यायचं, कशापासून जपायचं

हे घ्या: बांधीव वही, शिसपेन्सिल (घामानं शाई पसरते), फोन आणि चार्जिंगची बॅटरी, टोपी, पाणी, मुलाला बूट, लांब बाह्यांचा जुना सदरा, पुरचुंडी बांधायला एक रुमाल. केळीच्या बागेत जाताना कपडे जुनेच हवेत. चीक लागला की काळा डाग पडतो आणि तो कोणत्याही साबणानं निघत नाही.

आता धोक्याचं. जाण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारा: “फवारणी कधी झाली?” कपाशीवर नुकतं औषध मारलेलं असेल तर त्या वावरात मुलाला नेऊच नका, फेरी पुढे ढकला. रिकाम्या औषधाच्या बाटल्या बांधावर पडलेल्या असतात, त्यांना हात लावू द्यायचा नाही. कठडा नसलेल्या विहिरी, मोटारीच्या उघड्या वायरी, पावसाळ्यात गवतातलं जनावर. मूल नेहमी मोठ्या माणसाच्या मागे चालेल, हा नियम पहिल्याच दिवशी करा.

४. तिथेच लिहा, एकाच जागेवरून फोटो घ्या

बांधावरचं एखादं झाड नाही तर विहिरीचा कठडा निवडा आणि प्रत्येक फेरीत त्याच जागेवरून त्याच दिशेला एक फोटो काढा. वर्षाच्या शेवटी हे फोटो ओळीनं मांडले की पुस्तकाचा कणा समोर दिसतो. कापसाच्या वावरात तर आधी काळं, मग हिरवं, मग पांढरं, मग काड्यांचं तपकिरी असं सरळ रंगांचंच प्रकरण आहे.

आवाज आणि वास लिहून ठेवायला विसरू नका, कारण ते फोटोत येत नाहीत. ओल्या मातीत पाय उचलताना येणारा आवाज, पाणी सुटल्यावर ठिबकच्या नळीतून आधी फुसफुसणारी हवा, दुपारी केळीच्या पानांची फडफड. मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहा. घरी येऊन लिहायला बसलं की आपण त्याचं वाक्य नकळत व्याकरणशुद्ध करून टाकतो.

लोकांचे फोटो घेताना विचारा, आणि पुस्तकात चेहरा ओळखू येणार असेल तर लेखी होकार घ्या. सही येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो.

५. गोष्ट बारीक ठेवा

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी सगळी गोष्ट मिळून ३०० ते ५०० शब्द पुरतात. तेवढ्यात खलनायक, चोरी, शहर विरुद्ध गाव असलं काही मावत नाही आणि लागतही नाही. मुलाला एक प्रश्न द्या. आखाजीला त्यानं विचारावं, “आबा, इथे तर काहीच नाही?” आणि पुढच्या प्रत्येक फेरीत वावरानं त्याला थोडंथोडं उत्तर द्यावं.

दोन गोष्टींवर मी ठाम आहे. शहरातून आलेलं मूल हुशार आणि गावचं मूल नुसतं बघणारं, असं कधीही दाखवू नका. सालदाराच्या मुलीला कोणत्या झाडावर होल्याचं घरटं आहे, पाणी कोणत्या वाफ्यात चाललंय, हे सगळं ठाऊक असतं. शिकवणारी तीच हवी. दुसरी गोष्ट, वेचणीच्या रांगेत मूल मजुरीला लावलेलं चित्रात येऊ देऊ नका. चार बोंडं गमतीनं वेचून आबांच्या ओटीत टाकणं वेगळं.

शेवटी “म्हणून आपण शेतकऱ्याचा आदर केला पाहिजे” असं वाक्य लिहायचा मोह होतो. ते काढा. पाच वर्षांच्या मुलाला ओटीतला कापूस हातात घ्यावासा वाटला, की काम झालं.

६. ३२ पानांचा कच्चा नमुना

आठ कोरे ए-फोर कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा. झाली ३२ पानं. पहिली तीन पानं नाव, श्रेय, अर्पणपत्रिका यांची. चौथ्या पानापासून एकतिसाव्यापर्यंत १४ जोडपानं गोष्टीला मिळतात, आणि शेवटचं एक पान उरतं. पाच फेऱ्या, प्रत्येकीला दोन ते तीन जोडपानं, असा हिशेब बसतो.

३२च का? छपाईत मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम छापून तो घडी घालतात, आणि स्टेपलच्या बांधणीला पानांची संख्या चारच्या पटीत लागते. १६, २४, ३२ यात बसा. तीस पानांची गोष्ट घेऊन गेलात तर दोन पानं कोरी जातील.

या नमुन्यात पेन्सिलनं काड्यांची माणसं काढली तरी चालतात. बघायचं एवढंच की पान उलटताना काहीतरी उलगडतं का. एका जोडपानावर मुलगी दोरा बांधते, पान उलटलं की फूल गुलाबी. एकाच जोडपानावर दोन्ही दाखवलं तर मजा गेली. शब्द जास्त झालेत तेही इथेच कळतं. चित्रात कपाशी पांढरी फटक दिसत असताना खाली “कपाशी पांढरी शुभ्र झाली होती” हे वाक्य लागत नाही.

७. चित्रकाराला वावरात न्या

चित्रकार पुण्या-मुंबईचा असो की इथलाच, निदान एक फेरी त्याच्यासोबत करा. नाही तर इंटरनेटवर शोधून चित्रं निघतात आणि आपल्या वावरात लाल कौलारू कोठार, कुंपणातली मेंढरं आणि टोपीवाला शेतकरी येऊन उभा राहतो. प्रत्यक्ष येणं जमतच नसेल तर तुमचे सगळे फोटो, त्याखाली ओळी लिहून, द्या.

चित्रं हातात आली की हे तपासा:

- केळीच्या घडातली केळी वर वळलेली असतात. बरेच चित्रकार ती खाली लोंबणारी काढतात. घडाच्या टोकाला जांभळं केळफूल खाली लटकतं.
- वाऱ्यानं केळीची पानं आडवी फाटतात. सगळी पानं अखंड असलेली बाग खोटी दिसते.
- जमीन काळी. तपकिरी किंवा तांबडी रंगवली की कोकण झालं.
- कपाशीचं पान हाताच्या पंजासारखं, खाचा असलेलं. बोंड फुटल्यावर कापूस गोल चेंडूसारखा दिसत नाही, त्याचे चार-पाच भाग वेगळे ओळखू येतात.
- भरताचं वांगं हिरवं, मोठं. जांभळं छोटं वांगं भाजीचं.
- बैल कोणते? निमाडी असतील तर तांबूस अंगावर पांढरे ठिपके. शेतकऱ्याला विचारा, तो आनंदानं सांगतो.
- सातपुडा उत्तरेला. यावल-चोपड्याकडच्या वावरात सकाळच्या सावल्या पश्चिमेला पडतात, म्हणजे डोंगराकडे तोंड केलं तर डाव्या हाताला. हे कोण बघतं असं वाटेल, पण त्या गावचं मूल बघतं.

आजचं शेत दाखवा. मोटेची विहीर कितीही देखणी वाटली तरी मुलाला वावरात दिसते ती ठिबकची काळी नळी, पाण्याची मोटार आणि बांधावर लावलेली मोटरसायकल.

८. बोली वापरा, पण त्या गावची

धुळे, अमळनेर, पारोळ्याकडे अहिराणी. रावेर-यावलकडे लेवा गणबोली. सातपुड्याच्या कुशीत पावरी, भिली, मावची. मजकूर प्रमाण मराठीत आणि माणसांचं बोलणं त्यांच्या बोलीत, ही वाटणी मुलांना जमते. आबा म्हणतात, “चाल वावरमा,” आणि चित्रात ते वावराकडे निघालेले आहेत, मग अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. फक्त अहिराणी वाक्य यावलच्या आबांच्या तोंडी घालू नका. छापायला देण्याआधी त्या गावच्या वयस्कर बाईला मोठ्यानं वाचायला सांगा. जिथे ती अडखळेल तिथे बदला.

९. छापण्याआधी मुलांना वाचून दाखवा

एकदा वावराच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. एकदा शहरातल्या मुलांना. गावची मुलं चित्रातल्या चुका धरतात, शहरातली मुलं गोष्टीतले खड्डे. “आवडलं का?” असं विचारलं तर सगळी हो म्हणतात. त्यापेक्षा कोणत्या पानावर मुलं पुढे सरकतात आणि कोणत्या पानावर खिडकीबाहेर बघतात ते टिपा.

१०. करार कागदावर

ओळखीतला चित्रकार आहे म्हणून तोंडी बोलणं पुरे, असं समजू नका. चित्रांचा हक्क एकाकडून दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. म्हणून मानधन किती आणि किती हप्त्यांत, किती दुरुस्त्या, मुदत, दुसरी आवृत्ती, इतर भाषांतली आवृत्ती, मूळ चित्रं कुणाकडे राहणार, हे सगळं एका पानावर लिहा. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाइतकंच मोठं असावं. चित्रपुस्तकात तो निम्मा लेखक असतो.

११. जुळणी आणि छपाई

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे (संगणकावर पानं जुळवणाऱ्यांकडे) जुने फॉन्ट असतात आणि तुमचा युनिकोड मजकूर त्यात बदलून घेताना जोडाक्षरं मोडतात. शेताच्या पुस्तकात ‘शेतकऱ्या’, ‘भाकऱ्या’, ‘फेऱ्या’ हे शब्द पानोपानी असतात, आणि ‘ऱ्या’चा ‘र्या’ होणं ही ठरलेली चूक. मुक्ता, बालू यांसारखे युनिकोड फॉन्ट मोफत वापरता येतात, शक्यतो तेच मागा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, तेही बघा. वाचायला शिकणारं मूल पाठ्यपुस्तकातलं वळण ओळखतं. अक्षर मोठं, आणि मजकूर चित्राच्या गडबडीवर न येता मोकळ्या जागेवर.

प्रेसमध्ये विचारायच्या गोष्टी:

- आकार. क्राउन १/४, साधारण ७ × ९.५ इंच, यात कागद कमी वाया जातो. चौकोनी पुस्तक छान दिसतं, पण कागदाची नासाडी किती ते आधी विचारा.
- आतला कागद १३० ते १७० जीएसएम (कागदाच्या जाडीचं, वजनाचं माप), मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम, वर मॅट लॅमिनेशन.
- चित्रं ३०० डीपीआय (इंचातले ठिपके), सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार रंगांत, कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिमी जादा.
- थोड्या प्रती असतील तर डिजिटल, जास्त असतील तर ऑफसेट. दोन्हींचे दर लेखी मागा.

पडद्यावर दिसलेला हिरवा कागदावर वेगळा येतो. म्हणून एका जोडपानाचा रंगीत प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना त्याच कागदावर काढून घ्या आणि तो दिवसा उजेडात बघा. काळी जमीन छपाईत हमखास गडद होते आणि भेगा, ढेकळं दिसेनाशी होतात. चित्रकाराला ती थोडी उजळ ठेवायला आधीच सांगा.

१२. नोंदणी आणि कागदपत्रं

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक, शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी ऑनलाइन अर्जावर देते. व्यक्तीलाही मिळतो आणि त्याला शुल्क नाही. कुणी पैसे मागत असेल तर ते मधल्या माणसाचे. वेळ लागू शकतो, म्हणून चित्रं चालू असतानाच अर्ज करा. मलपृष्ठावर बारकोडला जागा ठेवायला सांगा.

कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचाच असतो. नोंदणी ऐच्छिक आहे, लेखनासाठी अर्जाचं शुल्क ५०० रुपये.

एका फायलीत हे तयार ठेवा: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पॅन, मुखपृष्ठ आणि शीर्षकपानाच्या पीडीएफ, चित्रकाराबरोबरचा करार, फोटोंचे होकार, प्रेसचे दरपत्रक.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर १९५४च्या कायद्यानुसार ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चानं पाठवावी लागते. स्वतः छापलेल्या पुस्तकाला तुम्हीच प्रकाशक, त्यामुळे हे काम तुमचंच. मुलांच्या चित्रपुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. छपाईच्या बिलात मात्र कर कसा लावलाय ते प्रेसकडून समजून घ्या.

१३. पुस्तक पोचवणं

पहिल्या प्रती शेताच्या मालकाला, सालदाराच्या घरी आणि वेचणीच्या बायकांना नेऊन द्या. मग त्या गावची शाळा, अंगणवाडी, गावचं वाचनालय. विकायला ठेवायचं तर तालुक्याच्या ठिकाणची वह्या-पुस्तकांची दुकानं बघा, पण किती टक्के कमिशन आणि उरलेल्या प्रती परत कधी, हे पावतीवर लिहून घ्या. शाळेत गेलात तर नुसतं पुस्तक देऊन येऊ नका, एक तास मागून घ्या आणि वाचून दाखवा. सोबत फुटलेली दोन बोंडं न्या. सरकी काढून बघायला प्रत्येक मुलाला हवी असते.

प्रेसकडून छपाईची पीडीएफ आणि जुळणीची मूळ, बदल करता येईल अशी फाइल, दोन्ही पेन ड्राइव्हवर मागून घ्या, आणि हे कामाआधीच ठरवा. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ती फाइल सापडत नाही, ही तक्रार फार जणांकडून ऐकली आहे. उरलेले गठ्ठे जमिनीवर ठेवू नका. लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा वाळवी बघा.